शेवाळ नाही बॉस, अझोला!

कॅन्टीनच्या कटिंगमधलं दूध किती फॅटचं आहे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? नाही ना? पण तुमच्याच वर्गात असे काही जण असतील, ज्यांची हॉस्टेलची फी या फॅटवरच भरली जाते. डेअरीत गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली पॉइंट घसरला की दर कापलाच म्हणून समजा!

म्हणूनच दूधवाल्यांच्या रील्समध्ये सध्या हिरवागार अझोला दिसतो. दिसायला शेवाळासारखा, पण हा पाण्यावर तरंगणारा नेचा, म्हणजे फर्न. त्याच्या इवल्याशा पानांत निळं-हिरवं शेवाळ भाड्याने राहतं आणि भाडं म्हणून हवेतला नायट्रोजन पकडून देतं. त्यामुळे वाळवलेल्या अझोलात साधारण पाव हिस्सा प्रथिनं भरतात. तमिळनाडू-केरळमध्ये कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या 'नार्डेप' प्रकल्पाने तो गोठ्यांपर्यंत नेला.

करायचं कसं? सावलीत उथळ खड्डा, त्यात प्लास्टिकचा कागद, वर चाळलेली माती, थोडं शेण, चिमूटभर सुपर फॉस्फेट आणि चार बोटं पाणी. मूठभर अझोला सोडला की दहा-पंधरा दिवसांत खड्डा भरतो. मग रोज थोडा काढायचा, शेणाचा वास जाईपर्यंत धुवायचा आणि खुराकात मिसळून द्यायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वर शेडनेट हवीच, नाहीतर तो करपतो.

आता रील्स सांगत नाहीत तो हिशोब. ताज्या अझोलात शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. म्हणजे दोन किलो ताज्या अझोलातून प्रथिनं मिळतात जेमतेम तीसेक ग्रॅम! दोन किलो सरकी पेंडेत ती चारशे ग्रॅमच्या पुढे जातात. त्यामुळे 'पेंड बंद, अझोला चालू' केलं तर गाय उपाशी आणि दूध कमी. अझोला म्हणजे जेवणातली कोशिंबीर, भाकरी नव्हे. फॅट तर मुख्यतः गाईची जात, चाऱ्यातला तंतू आणि रवंथ यांवर ठरतं.

आणखी एक. मुळा-मुठेतली जलपर्णी बघून 'हीच घाला की गाईला' असं वाटत असेल, तर थांबा! पाणवनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेतात. सांडपाण्यावर वाढलेलं काहीही गोठ्यात नको. अझोलालाही स्वच्छच पाणी लागतं.

मग करायचं की नाही? घरी गाई असतील, तर या सुट्टीत एकीवरच करून बघा. आधी पंधरा दिवस तिचं दूध वेगळं मोजा, फॅट-एसएनएफ तपासून लिहून ठेवा. मग पेंड तेवढीच ठेवून अझोला सुरू करा आणि महिनाभर आकडे टिपा. तिला चव लागायला थोडे दिवस जातील, तेवढा धीर धरा. शेवटी रीलच्या व्ह्यूजवर नाही, वहीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवा. घरच्यांना पटवायलाही तेच कामी येतील!