पॅनिक विकारावरील औषधे आणि स्वायत्त मज्जासंस्था

प्रस्तावना :
पॅनिक विकारात बाह्य कारण नसताना तीव्र भीतीचे झटके वारंवार येतात. छातीत धडधड, घाम, कंप, श्वास कोंडणे ही लक्षणे काही मिनिटांतच कळस गाठतात. १९८० साली ‘डीएसएम-३’ या अमेरिकन वर्गीकरणात या विकारास स्वतंत्र स्थान मिळाले. त्याचा आरंभ बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर होत असल्याने महाविद्यालयीन शिक्षकांनाही या विषयाची ओळख असणे उपयुक्त आहे. या विकारावरील औषधे स्वायत्त मज्जासंस्थेवर कोणता परिणाम करतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वायत्त मज्जासंस्थेचे कार्य :
हृदय, रक्तवाहिन्या, ग्रंथी व आतडी यांचे कार्य ही संस्था इच्छेविना चालविते. तिचा अनुकंपी विभाग शरीरास संकटासाठी सज्ज करतो, तर परानुकंपी विभाग विश्रांती व पचनास साहाय्य करतो. झटक्यातील बरीचशी लक्षणे अनुकंपी विभागाची असतात. त्यामुळे धडधड थांबविली की विकार बरा होईल, असे सहज वाटते. औषधांचा अनुभव मात्र निराळा आहे.

औषधांचे परिणाम :
१) इमिप्रामिन : या औषधाने झटके थांबतात, हे डोनाल्ड क्लाइन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दाखविले. हे औषध ॲसिटिलकोलीनला अटकाव करून परानुकंपी प्रभाव घटविते. परिणामी नाडी जलद होते, तोंडास कोरड पडते व बद्धकोष्ठता होते. उभे राहताना रक्तदाबही उतरू शकतो. म्हणजेच नाडी वाढविणारे औषध भीतीचे झटके मात्र थांबविते.

२) प्रोप्रॅनोलॉल : हे औषध बीटा ग्राहके रोखून धडधड व कंप कमी करते, परंतु पॅनिक विकारावरील मुख्य उपचार म्हणून त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. दमा असणाऱ्यांस ते घातक ठरू शकते.

३) सेरोटोनिनवर्धक औषधे : सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन इत्यादी औषधे आज प्रथम पसंतीची आहेत. हृदयाच्या गतीवर त्यांचा थेट परिणाम अल्प असतो. मेंदूतील भीतीच्या यंत्रणेवर कार्य करून ती अनुकंपी उद्रेकाचे मूळच शमवितात, असे मानले जाते. गुण येण्यास काही आठवडे लागतात. आरंभी मात्र काहींना अस्वस्थता व धडधड वाढल्याचे जाणवते. म्हणून अल्प मात्रेने सुरुवात करतात.

४) बेन्झोडायझेपिने : अल्प्राझोलामसारखी औषधे ‘गाबा’ या द्रव्याचा शामक प्रभाव वाढवून त्वरित आराम देतात, परंतु त्यांची सवय लागते. ती एकाएकी बंद केल्यास घाम, कंप, धडधड उसळून येते. प्रसंगी आकडीही येते.

निष्कर्ष :
स्वायत्त लक्षणे हा या विकाराचा आविष्कार आहे, उगम नव्हे. हा भेद रुग्णास समजावून देणे अगत्याचे आहे. अन्यथा औषधामुळे होणारी धडधड हाच नवा झटका समजून तो, गुण येण्यापूर्वीच, औषध सोडून देतो. औषधाची मात्रा बदलणे अथवा ते थांबविणे हे वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावे.