चूलही सोबत पाठवायची

शिरपूरकडे भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. कृती पुण्याला लिहून पाठवली, तरी गॅसवर ती चव येत नाही. कृती बरोबर असते, चूल वेगळी असते. समजा, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चालणारा प्रोग्राम घरी अडला. तिथेही बहुधा हेच झालेलं असतं: पायथॉनची आवृत्ती वेगळी.

२०१३ साली आलेल्या डॉकरने यावरचा उपाय रुळवला. प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकाच गाठोड्यात बांधायच्या. हे गाठोडं म्हणजे इमेज. ती चालू केली की कंटेनर. (काड्या आपल्या, जमीन यजमानाची: ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल, गाठोड्यात नसतो.)

२०२२ पासून डॉकर डेस्कटॉपला एक्स्टेन्शन, म्हणजे जोडप्रोग्राम, बसवता येतो. तोही इमेज म्हणूनच बांधतात. मग पडद्यावरचं एक बटण हलवलं तरी सगळं पुन्हा बांधायचं, पुन्हा बसवायचं? शिकणाऱ्याचा उत्साह इथेच मावळतो. म्हणून आपण आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालू ठेवतो आणि डॉकरला सांगतो: पडद्यावरचं पान इमेजमधून नको, इथून घे. फाइल जतन केली की बदल लगेच दिसतो.

पडद्यामागे काम करणारा भाग बदलला, तर मात्र इमेज पुन्हा बांधावी लागते. ती थराथरांनी बनते. एक थर बदलला की त्यानंतरचे सगळे नव्याने बनतात. म्हणून क्वचित बदलणारी लायब्ररी आधी, रोज बदलणारा आपला कोड शेवटी. क्रम उलटा ठेवला, तर संथ इंटरनेटवर लायब्ररी दर वेळी नव्याने उतरवत बसावं लागतं.

काम झाल्यावर ती जोडणी काढून जोडप्रोग्राम एकदा इमेजमधूनच चालवून पाहावा. दुसऱ्याच्या संगणकावर आपला सर्व्हर नसतो.