औषधाच्या बाटलीवरचा नोंदणी क्रमांक आणि टेबलाखालचा खर्च

निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात फवारणीच्या औषधाची बाटली हातात घेतली, तर लेबलावर बारीक अक्षरांत एक नोंदणी क्रमांक दिसतो. कीटकनाशक कायदा, 1968 नुसार फरीदाबादच्या नोंदणी समितीने कागद तपासून मंजुरी दिल्याशिवाय ते औषध देशात विकता येत नाही. गोदाकाठच्या द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात परदेशी कंपन्यांची औषधे कधीपासून वापरात आहेत. त्यामुळे परदेशी कंपनीला परवाना कसा मिळतो, हा प्रश्न निफाड तालुक्याला वाटतो तितका लांबचा नाही. त्याबद्दल पारावर जे बोलले जाते, त्यातले बरेचसे मात्र अर्धेच खरे असते.

“मोठी कंपनी वर कुठेतरी पेटी पोचवते आणि काम होते.”

तसेही घडते. पण या पट्ट्याच्या सगळ्यात जवळचे प्रकरण वेगळेच सांगते. डी-नोसिल क्रॉप प्रोटेक्शन ही मुंबईची कीटकनाशक कंपनी. मालकीच्या साखळीत ती अमेरिकेच्या डाऊ केमिकलच्या पाच पायऱ्या खाली होती. आपल्याकडे सेबी तशी अमेरिकेत सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन आहे. त्या आयोगाने फेब्रुवारी 2007 मध्ये डाऊवर कारवाई केली. 1996 ते 2001 या काळात डी-नोसिलने सुमारे 2 लाख डॉलर सरकारी माणसांवर गैरमार्गाने खर्च केले, असे आयोगाचे म्हणणे होते. त्यातले 39,700 डॉलर केंद्रीय कीटकनाशक मंडळातल्या एका अधिकाऱ्यासाठी होते. डर्सबान, न्युरेल-डी आणि प्राइड या तीन औषधांची नोंदणी लवकर व्हावी, हा हेतू. पैसे ठेकेदारांच्या बिलांत खोट्या रकमा घालून फिरवले गेले.

त्याहून मोठा आकडा, 87,400 डॉलर, होता राज्यांतल्या निरीक्षकांचा. एका वेळची रक्कम शंभर डॉलरच्या बरीच खाली, किरकोळ खर्चाच्या पेटीतून दिलेली, पण पुन्हा पुन्हा. कारण साधे होते. निरीक्षकाने नमुना घेऊन लेबल चुकीचे असल्याचा खोटा शेरा मारला, की विक्री थांबते आणि खटला मागे लागतो. त्या धंद्यातल्या इतर कंपन्याही असेच पैसे देत होत्या, हेही आदेशात नोंदवले आहे. म्हणजे पेटी कमी आणि चिरीमिरी जास्त. डाऊने 3,25,000 डॉलर दंड भरला आणि आरोप मान्य किंवा अमान्य न करता प्रकरण मिटवले. दंड अमेरिकेच्या तिजोरीत गेला.

इथे जरा थांबायला हवे. दुकानातून नमुना घेताना निरीक्षकाने त्याचे तीन भाग करायचे असतात: एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला, एक न्यायालयासाठी. ही सगळी तजवीज शेतकऱ्यासाठी आहे. बाटलीत लेबलावरचेच औषध आहे का, हे तपासायला त्याच्याकडे दुसरे काही साधन नाही. खोटा शेरा न मारण्याचा दर एकदा ठरला, की खरा शेरा न मारण्याचाही ठरायला वेळ लागत नाही, असे माझे मत आहे. आयोगाने तसे म्हटलेले नाही. त्या तीन औषधांत दोष होता, असेही म्हटलेले नाही. पण अशा खात्याने ‘माल ठीक’ असा कागद दिला, तरी त्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? तपासणीत काही निसटले की भुर्दंड कोणावर पडतो, हे द्राक्षवाल्यांनी 2010 मध्ये सोसले आहे. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षे अडकली. तिथे लाचेचा संबंध नव्हता. ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. पण नुकसान बागाईतदाराचेच झाले.

“फायलीवर वजन ठेवले की फाइल पळते.”

भ्रष्टाचारावरच्या संथानम समितीनेही 1964 च्या अहवालात अशा पैशांची दखल घेतली होती, आणि त्यांच्यामुळेच दिरंगाई वाढते असे बजावले होते. पैसे मिळावेत म्हणून मुद्दाम फाइल थांबवली जाते. पुढे 1999 मध्ये डॅनियल कॉफमन आणि शांग-जिन वेई या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांतल्या कंपन्यांची माहिती तपासली. ज्या कंपन्या जास्त लाच देत होत्या, त्यांच्या व्यवस्थापकांचा वेळही अधिकाऱ्यांपुढे जास्त जात होता. देणारा कोण हे एकदा कळले, की त्याच्याच वाटेत नवे अडथळे उभे राहतात. डी-नोसिलचे निरीक्षकांना एकदा पैसे देऊन भागले नाही, यात म्हणूनच नवल नाही.

“पैसे एजंटाने दिले, कंपनीचा काय संबंध?”

हा गैरसमज कंपन्यांच्या कचेऱ्यांतही भरपूर आहे. हिमाचलमधल्या बद्दी इथल्या कारखान्याच्या परवान्यांसाठी कॅडबरी इंडियाने 2010 मध्ये एका एजंटाला 90,666 डॉलर दिले. बिले होती अर्ज तयार करून देण्याची, पण अर्ज कंपनीच्याच माणसांनी तयार केले होते. एजंटाने ते पैसे पुढे कुणाला दिले, हे शोधण्याचीही अमेरिकी आयोगाला गरज पडली नाही. खोटी वही आणि न घेतलेली खबरदारी पुरेशी ठरली. 2017 मध्ये मालक कंपनी मॉन्डेलीझने 1 कोटी 30 लाख डॉलर भरले.

पुण्याचे उदाहरण कॉग्निझंट या आयटी कंपनीचे. तिथल्या बांधकामाच्या पर्यावरण मंजुरीसाठी ठेकेदारामार्फत सुमारे 7,70,000 डॉलर दिले गेले, आणि चेन्नईच्या संकुलाच्या परवानगीसाठी 20 लाख डॉलरची मागणी मान्य झाली, असा आयोगाचा आरोप होता. चेन्नईतली भरपाई ठेकेदाराच्या वाढीव कामांच्या बिलांत लपवली गेली. कंपनीने 2019 मध्ये अडीच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. या दोन्ही कंपन्यांनीही आरोप मान्य किंवा अमान्य केले नाहीत.

“परदेशी प्रकल्प आला म्हणजे पैसे खाल्लेच.”

एन्‌रॉन ही अमेरिकी वीज कंपनी आठवून लोक हे बोलतात. तिच्या दाभोळ प्रकल्पात भारतीयांच्या ‘शिक्षणा’वर 2 कोटी डॉलर खर्चल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्याने 1995 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले, त्यावरून गदारोळ झाला. युती सरकारने त्याच वर्षी प्रकल्प रद्द केला आणि पुढे नव्या अटींवर पुन्हा मान्यही केला. लाच दिल्याचे न्यायालयात सिद्ध झाले नाही. महाग वीज आणि कंपनीला झुकते माप देणारा करार हे वाईट होतेच, पण तो वेगळा मुद्दा आहे.

“अमेरिकेने आता तो कायदाच गुंडाळला.”

नाही. वरच्या तिन्ही कंपन्यांवर ज्याखाली कारवाई झाली, तो परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्यावर बंदी घालणारा 1977 चा अमेरिकी कायदा कायम आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याची अंमलबजावणी थांबवून धोरण नव्याने आखायला सांगितले, आणि एप्रिलमध्ये कॉग्निझंटच्या दोन माजी अधिकाऱ्यांवरचा खटला मागे घेतला गेला. त्या कायद्यात नेहमीच्या साध्या कामाला गती देण्यासाठी दिलेल्या रकमेला सवलतही आहे. मात्र ब्रिटनच्या 2010 च्या कायद्यात ती नाही आणि आपल्याकडेही नाही.

“आपल्याकडे घेणारा अडकतो, देणारा सुटतो.”

2018 पर्यंत यात थोडे तथ्य होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. भारतात व्यवसाय करणारी परदेशी कंपनीही त्यात आली, आणि संचालकाच्या संमतीने लाच दिली गेली असेल तर त्यालाही तुरुंगवास होऊ शकतो. जबरदस्तीने पैसे द्यावे लागले, तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच बचाव मिळतो. आधीच कळवून सापळ्यासाठी पैसे दिले, तर तो गुन्हा धरला जात नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे. परदेशी कंपनीचा व्यवस्थापक असो की सात-बाऱ्यासाठी अडलेला सायखेड्याचा शेतकरी, दोघांसाठी तोच.