निद्राश्वासरोधावरील श्वसनोपचाराचा मुखवटा

झोपेत श्वसन वारंवार थांबण्याच्या विकारावर (निद्राश्वासरोधावर) उपचार करताना यंत्रातून येणारी दाबयुक्त हवा रुग्णाच्या नाकात किंवा नाक व तोंड या दोहोंत पोहोचविणारे आवरण. ही हवा पुरविणाऱ्या यंत्रास सीपॅप म्हणतात. यंत्र, नळी व मुखवटा या तीन घटकांपैकी रात्रभर त्वचेला लागून राहणारा घटक मुखवटा हाच होय. रुग्ण उपचार चालू ठेवतो की सोडून देतो, हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून असते. त्यामुळे मुखवट्याची सोईस्करता ही चैनीची बाब नसून उपचाराच्या परिणामकारकतेची पूर्वअट आहे.

विकाराचे स्वरूप : गाढ झोपेत घशाचे (ग्रसनीचे) स्नायू शिथिल होतात. मार्ग मुळातच अरुंद असल्यास जीभ व मृदू तालू मागे पडून तो बंद होतो. छाती व पोट यांची हालचाल चालू असूनही हवा आत जात नाही, रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन मार्ग मोकळा करतो. किमान १० सेकंद टिकणारे असे रोध व अंशरोध मोजले जातात. तासाला त्यांची संख्या प्रौढांत ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम व ३० किंवा अधिक असल्यास तीव्र मानतात. मोठ्याने घोरणे, गुदमरून जाग येणे, सकाळी डोके दुखणे व दिवसा अनावर झोप येणे ही मुख्य लक्षणे होत. वाहन चालविताना डुलकी लागणे हा याचा सर्वांत तात्कालिक धोका असून उच्च रक्तदाबाशीही या विकाराचा संबंध आहे. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा निद्राश्वासरोध हे कारण रुग्णालयाच्या वतीने सांगण्यात आले होते.

इतिहास : ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील वैद्य कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये ही उपचारपद्धती प्रसिद्ध केली. नाकावाटे दिलेल्या हवेच्या दाबाने ग्रसनी आतून फुगलेली राहते व मिटत नाही, हे तिचे तत्त्व होय. हवा येथे टेकूचे काम करते. ती म्हणजे ऑक्सिजनचा पुरवठा नव्हे. आरंभी प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मुखवटा तयार करीत व तो रोज रात्री सिलिकोनच्या लेपाने चेहऱ्यावर चिकटवीत. पुढे मऊ सिलिकोनच्या कडा व पट्टे असलेले तयार मुखवटे निघाले आणि उपचार घरोघरी शक्य झाला. आजची यंत्रे सामान्यतः ४ ते २० सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतका दाब देतात.

वापराचे प्रमाण : उपचार झोपेत जितका वेळ चालतो तितकाच वेळ उपयोगी पडतो. भारतासह सात देशांत हृद्‌रोग किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तास इतकाच भरला. त्यांची दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली. परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात इत्यादींचे प्रमाण घटलेले दिसले नाही. यावरून उपचाराविषयी अवास्तव अपेक्षा धरू नये हे जसे कळते, तसेच अर्ध्या रात्री काढून ठेवलेला मुखवटा ही या उपचारातील नित्याची उणीव आहे, हेही कळते.

प्रकार : मुखवट्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. (१) नासिका-मुखवटा नाक झाकतो. तो मध्यम आकाराचा असून अधिक दाबालाही चालतो व पहिली निवड बहुधा याचीच असते. (२) नाकपुडी-मुखवट्यात दोन लहान मऊ बोंडे नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात. चेहऱ्याचा फार थोडा भाग झाकला जात असल्याने कोंडल्यासारखे वाटणाऱ्यांस, चष्मा लावून वाचणाऱ्यांस व दाट मिशा असणाऱ्यांस तो सोईचा असतो. मात्र अधिक दाबाला नाकपुड्या दुखतात. (३) नाक-तोंड मुखवटा दोन्ही झाकतो. ज्यांचे नाक कायम बंद असते किंवा ज्यांना तोंडाने श्वास घेण्यावाचून गत्यंतर नसते, त्यांना तो द्यावा लागतो. मोठ्या कडेमुळे त्यातून गळती अधिक होते. शिवाय त्याच्या दाबाने खालचा जबडा व जीभ मागे ढकलली जाऊ शकते. त्यामुळे त्याला बहुधा नासिका-मुखवट्याहून अधिक दाब लागतो. तोंड उघडे राहते एवढ्यावरून तो लगेच निवडू नये. आधी नाकाचा अडथळा दूर करणे व हवेत दमटपणा मिसळणारे पात्र (आर्द्रीकारक) जोडणे हे उपाय करून पाहावेत.

निवड : आकार अंदाजाने न घेता उत्पादकाच्या मापपट्टीने नाकाची रुंदी व उंची मोजून घ्यावा. सरळ बसून घातलेला मुखवटा आडवे होताच सरकतो, कारण गालांची ठेवण बदलते. म्हणून परीक्षा नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीवर झोपून व नेमून दिलेला दाब चालू ठेवूनच करावी. पट्टे आवळून गळती थांबविणे ही सर्वसाधारण चूक होय. मऊ कडेची पातळ घडी हवेने फुगूनच सांधा बंद करते. पट्टे आवळल्यास ती दबते, गळती वाढते व नाकाच्या दांड्यावर व्रण पडतो. पट्ट्याखाली एक-दोन बोटे सहज जातील इतपत ताण पुरतो. डोळ्यांकडे हवा लागत असल्यास आकार किंवा प्रकार बदलावा. दाढीमुळे सांधा नीट बसत नाही. नथ, चमकी किंवा मोरणी कडेखाली येत असल्यास ती रात्री काढून ठेवावी. कोंडल्याची भीती वाटणाऱ्याने दिवसा जागेपणी, आधी यंत्राविना व मग यंत्रासह, थोडा थोडा वेळ मुखवटा घालून सवय करावी. पहिल्या काही आठवड्यांतच अडचणी सांगून मुखवटा बदलून घेणे इष्ट ठरते.

स्थानिक परिस्थिती : मुखवट्याची पत्रके बहुधा थंड व अखंड वीज असलेले देश गृहीत धरून लिहिलेली असतात. राज्याच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यासारख्या भागात त्यांत काही भर घालावी लागते. येथे उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते. घाम व केसांचे तेल यांमुळे सिलिकोनची कड घसरते व लवकर खराब होते. म्हणून झोपण्यापूर्वी चेहरा धुऊन पुसावा व कमीत कमी त्वचा झाकणारा प्रकार पाहावा. हिवाळ्यातील थंड रात्री उलट अडचण येते : नळीत बाष्प साचून पाणी मुखवट्यात येते. त्यासाठी नळी पांघरुणाखालून न्यावी. हा भाताचा व भातगिरण्यांचा जिल्हा आहे. मळणीच्या दिवसांत कोंड्याच्या धुळीने नाक चोंदते व यंत्राची गाळणी भरते. त्यामुळे गाळणी एरवीपेक्षा लवकर बदलावी. वीज गेल्यास यंत्र थांबते. नाक-तोंड मुखवट्यात अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी सुरक्षा-झडप असणे अत्यावश्यक आहे. ती चालते की नाही हे यंत्र बंद करून तपासावे. नासिका-मुखवट्यात तोंड मोकळे असल्याने हा प्रश्न सौम्य असतो. विद्युत् घटमाला (बॅटरी) वापरताना आर्द्रीकारकाचा तापक बंद ठेवल्यास ती पुष्कळ अधिक वेळ टिकते.

पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकल सेल (दात्रकोशिका) विकाराच्या बालरुग्णांत निद्राश्वासरोधाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण रात्री ऑक्सिजन घटणे त्यांना बाधक असते. मुलांत बहुधा वाढलेले गिलायू काढणे हा पहिला उपाय असतो. मुखवटा द्यावाच लागला, तर घट्ट पट्ट्यांमुळे चेहऱ्याच्या मध्यभागाच्या हाडांची वाढ खुंटत नाही ना, हे वेळोवेळी पाहावे लागते. गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. लोहमार्गाने सु. १३० किमी. वरील नागपूरला वारंवार जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी मुखवटा घेण्यापूर्वीच तो बदलून मिळेल का व त्याची कड सुटी मिळते का, याची चौकशी करावी; केवळ कमी किंमत पाहू नये.

निगा व दक्षता : मुखवट्यावरील बारीक छिद्रे उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर जाण्यासाठी असतात. त्यांतून येणारी हवा ही गळती नव्हे. ती छिद्रे चिकटपट्टीने किंवा पांघरुणाने झाकू नयेत. कड रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. विरंजक द्रव्ये, स्पिरिट व कडक ऊन वर्ज्य करावे. आर्द्रीकारकात ऊर्ध्वपातित पाणी रोज नवे घालावे. काही मुखवट्यांच्या पट्ट्यांना चुंबकी अडकवण्या असतात. हृदयाचा गतिकारक (पेसमेकर) किंवा शरीरात बसविलेली तत्सम साधने त्यांमुळे बिघडू शकतात, असे इशारे २०२२ पासून दिले गेले आहेत. अशा रुग्णांनी, तसेच त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या अशा व्यक्तींसाठीही, चुंबकविरहित मुखवटा घ्यावा. उलट्या होत असताना नाक-तोंड मुखवटा वापरू नये. कोणताही मुखवटा निद्रापरीक्षण व वैद्याने ठरविलेला दाब यांची जागा घेऊ शकत नाही. परीक्षणाविना दुसऱ्याचे यंत्र वा मुखवटा वापरणे अयोग्य होय.