श्वास, स्नायू आणि हाडें

फुप्फुसांचा जुनाट विकार म्हटला म्हणजे खोकला, कफ व धाप एवढींच लक्षणें आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु हा विकार छातींत कोंडून राहत नाहीं. तो हळूहळू मांडीचे स्नायू व पाठीचीं हाडेंही पोखरतो.

कर्जत व खालापूर हे तालुके घ्या. तेथील ठाकूर व कातकरी वाड्यांत चूल पिढ्यान्‌पिढ्या लांकडांवर पेटत आली. कोळसा पाडणें हा कातकऱ्यांचा एक जुना व्यवसाय होता. पुढें अनेकांना वीटभट्टीची वाट धरावी लागली. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅस आला. पण वर्षानुवर्षें धुरानें झालेली इजा त्यानें भरून निघत नाहीं. म्हणूनच, जिनें विडीला कधीं हात लावला नाहीं अशा बाईलाही हा रोग जडतो. शहरांतील सिगारेट ओढणाऱ्या गृहस्थाचीही गत तीच.

आतां स्नायू कां झिजतात तें पाहूं. धाप लागते म्हणून रोगी बसून राहतो. बसल्यानें मांड्या रोडावतात. दुबळा स्नायू लवकर थकतो, त्यांत आम्ल लवकर सांचतें, आणि तें निवारण्यास श्वास अधिकच जोरानें घ्यावा लागतो. शिवाय श्वास घेण्याच्या श्रमांतच बरीच शक्ति खर्च होते. जेवतांना दम लागल्यानें अन्न कमी जातें. आणि फुप्फुसांतील दाह रक्तावाटे सर्व शरीरास बाधतो.

हाडांचेंही तसेंच. हालचाल व ऊन कमी झालें, वजन घटलें, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागल्या, कीं हाडें ठिसूळ होतात. मणका खचला कीं पाठ वांकते व छातींतील जागा आकुंचित होते. छातीच्या भागांतील एका मणक्यामागें श्वास भरून घेण्याची शक्ति सुमारें ९ टक्क्यांनीं घटते, असें १९९० सालच्या एका अभ्यासांत आढळलें. मात्र या गोळ्या आपल्या मनानें कधींही बंद करूं नयेत. हाडांची घनता तपासावी काय, एवढें डॉक्टरांस अवश्य विचारावें.

उपाय घरांतही आहेत. याच डोंगरउतारांवर पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तिच्या जोडीस डाळ, अंडीं, दूध किंवा सुकी मासळी असावी. पोटभर दोनदां जेवण्यापेक्षां थोडें थोडें चार-पांचदां खावें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें रोज चालावें, आणि हातांचा आधार न घेतां खुर्चींतून उठण्या-बसण्याचा सराव करावा. फुप्फुसांची झालेली हानि बहुधा परत भरून येत नाहीं. मांडीचें बळ मात्र सरावानें पुष्कळसें परत मिळवितां येतें.

आपली मायाच पुष्कळदां येथें आड येते. “आजोबा, तुम्ही बसा, मी आणतों,” असें दिवसांतून दहादां म्हणणारा नातू त्यांच्या मांडीचें बळ नकळत हिरावून घेत असतो. आजोबा पाण्याचा तांब्या आणावयास उठले, तर त्यांना सावकाश जाऊं द्यावें. हवें तर आपण सोबत चालावें.