छातीतली धडधड आणि दोन गृहीतके

तोंडी परीक्षेत आपला क्रमांक जवळ आला की छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, घसा कोरडा पडतो. हा अनुभव तुम्हा सर्वांना असेलच. परीक्षा संपते, धडधड थांबते आणि आपण ती विसरूनही जातो. पण अशीच, किंबहुना याहून कितीतरी जोराची धडधड काहीही कारण दिसत नसताना सुरू झाली तर?

एका गृहस्थांचे उदाहरण कल्पू या. वय बेचाळीस, मुंबईत कारकुनाची नोकरी, रोजचा प्रवास लोकलचा. एके दिवशी गाडीत त्यांची छाती धडधडू लागली, श्वास अपुरा पडला, डोके गरगरले. ‘आता आपण बेशुद्ध पडणार, हृदय बंद पडणार,’ असे वाटून ते पुढच्याच स्थानकावर उतरले. थोड्या वेळाने सारे शांत झाले. डॉक्टरांनी तपासले, हृदयाचा आलेख काढला. हृदय निर्दोष होते. तरीही असे झटके पुन्हापुन्हा आले. गृहस्थांनी आधी गर्दीची गाडी सोडली, मग गाडीच सोडली. आता ते घराबाहेरच पडत नाहीत आणि रजा संपत आली आहे. घरची माणसे म्हणतात, “मन खंबीर करा.” पण मन खंबीर करायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते कोणालाच सांगता येत नाही.

अशा माणसाला मदत करायला शिकणारा विद्यार्थी म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्राचा, अर्थात क्लिनिकल सायकॉलॉजीचा प्रशिक्षणार्थी. तो कामाला कशी सुरुवात करतो ते पाहू.

उपचारक आणि वैज्ञानिकही

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. पुढे १९४९ मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे एक परिषद भरली. या शाखेच्या विद्यार्थ्याने उपचार करायला तर शिकावेच, पण संशोधनाची शिस्तही अंगी बाणवावी, असे तेथे ठरले. आपल्याकडे बंगळूर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था, जी १९७४ पासून निम्हान्स म्हणून ओळखली जाते, ती या प्रशिक्षणाचे जुने केंद्र आहे.

ही शिस्त उपचारात कोठे दिसते? प्रशिक्षणार्थी पहिल्याच भेटीत उपदेश करीत नाही. तो ऐकतो आणि विचारतो : झटका कोठे आला? त्याआधी काय घडले? त्या क्षणी मनात कोणता विचार आला? मग तुम्ही काय केले? डॉक्टरांच्या तपासणीत काय निघाले, हेही तो पाहतो, कारण थायरॉइड ग्रंथीच्या विकारातही छाती धडधडू शकते. या सगळ्याची नोंद घेऊन तो आपल्या अनुभवी मार्गदर्शकाशी चर्चा करतो.

एका कागदावर दोन गृहीतके

यानंतर तो आणि ते गृहस्थ मिळून एका कागदावर दोन गृहीतके मांडतात. पहिले : ‘माझ्या हृदयात मोठा दोष आहे.’ दुसरे : ‘माझे हृदय चांगले आहे, पण त्याच्या धडधडीचा मी भयंकर अर्थ लावतो.’

दुसरे गृहीतक समजण्यासाठी गणेशोत्सवातला मंडप आठवा. ध्वनिवर्धकासमोर मायक्रोफोन धरला की कर्कश शीळ का ऐकू येते? कर्ण्यातला बारीकसा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो आणि पुन्हा आत शिरतो. भीतीचेही तसेच आहे. छाती जरा धडधडली की ‘मेलो!’ हा विचार येतो. त्या विचाराने शरीरात अॅड्रेनलिन वाढते, त्याने धडधड वाढते आणि धडधडीने भीती वाढते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये भीतीच्या झटक्यांचा उलगडा या चक्राच्या आधारे केला.

प्रयोग

आता दोन्ही गृहीतके तपासायची. प्रशिक्षणार्थी गृहस्थांना खोलीतच एक-दोन मिनिटे भराभर श्वास घ्यायला सांगतो. त्याआधी ‘काय होईल?’ याचे भाकीत लिहून घेतो. ते लिहितात, ‘बेशुद्ध पडेन.’ प्रत्यक्षात काय होते? डोके गरगरते, हातांना मुंग्या येतात, छाती धडधडते. अगदी गाडीत झाले तसेच! पण ते बेशुद्ध पडत नाहीत. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि म्हणून गरगरते. शिवाय घेरी येऊन पडण्यासाठी रक्तदाब घसरावा लागतो. भीतीत तो सहसा वाढतो. रक्त पाहून घेरी येणारी माणसे मात्र याला अपवाद आहेत.

(हा प्रयोग तुम्ही घरी करू नये. दमा, अपस्मार किंवा हृदयविकार असणाऱ्यांना तो धोक्याचा ठरू शकतो.)

पुढचा मुद्दा तुम्हाला प्रयोगशाळेमुळे चटकन कळेल. गृहस्थ सांगतात, “मी गाडीत दाराजवळ उभा राहिलो, पाण्याची बाटली घट्ट धरली, म्हणून वाचलो.” लंबकाची लांबी आणि गोळा दोन्ही एकदम बदलले, तर आवर्तनकाल कशामुळे बदलला ते सांगता येईल काय? येथेही तेच. संकट मुळात नव्हतेच, की बाटलीने टळले? बाटली हातात असेपर्यंत हे कळणारच नाही. म्हणून एके दिवशी बाटली घरी ठेवून प्रवास करायचा असतो.

हे सारे टप्प्याटप्प्याने होते. आधी दुपारच्या रिकाम्या गाडीत एक स्थानक, सोबत पत्नी. मग तेवढेच अंतर एकट्याने. मग तीन स्थानके आणि शेवटी सकाळची गर्दी. प्रत्येक वेळी भीतीला शून्य ते शंभर यांमधला आकडा द्यायचा. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी रूढ केली. आठवड्यांमागून आठवडे हे आकडे आलेखकागदावर मांडले की रेषा कधी चढते, कधी उतरते. उपचार लागू पडत असेल तर एकूण कल उताराचा दिसतो. तसा न दिसला तर रुग्णाला दोष द्यायचा नसतो. प्रशिक्षणार्थी मार्गदर्शकासह आपलेच गृहीतक पुन्हा तपासतो. काही रुग्णांना औषधांचीही गरज असते. ती मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात. सर्वांनाच सारखा गुण येतो असे नाही. पण भीतीच्या झटक्यांवर ही पद्धत अनेक चाचण्यांत उपयुक्त ठरली आहे.

आपण काय करावे?

‘हे सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत,’ असे या गृहस्थांना म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांची धडधड खरी असते, घामही खरा असतो. चुकतो तो त्यांचा अर्थ. आणि तो उपदेशाने बदलत नाही, स्वतः पाहिलेल्या पुराव्याने बदलतो. म्हणून घरात वा शेजारी कोणी असे घाबरत असेल, तर ‘मन खंबीर करा’ म्हणण्याऐवजी त्यांचे ऐकून घ्या आणि त्यांना डॉक्टरांकडे जायला सुचवा. स्वतः उपचारक होऊ नका. तुम्हालाच असा त्रास होत असेल, तर शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्यांना सांगा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तो रात्रंदिवस चालू असतो.

गृहीतक मांडा, भाकीत लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला, मोजा आणि मग निष्कर्ष काढा. हे तुम्ही प्रात्यक्षिकाच्या वहीत दर आठवड्याला करता. याच पायऱ्यांनी एखादा माणूस पुन्हा सकाळची गाडी पकडू शकतो, हे पुढच्या प्रात्यक्षिकाला वही उघडताना जरूर आठवा.