बांधावरचे पिल्लू घरी आले

पोरांनी शाळेतून येताना बांधावर टाकून दिलेले पिल्लू उचलून आणले, की आधी पोरे बोलणी खातात. संध्याकाळी तेच पिल्लू घरधन्याच्या पायाशी झोपते! कान उभे, शेपूट गावठी. अशी मिश्र जात राखणीला चिवट निघते, जात पुसत बसू नका.

आई जवळ असेल, तर मात्र २ महिने तिच्यापाशीच राहू द्या. आणल्यावर त्याच आठवड्यात गुरांच्या दवाखान्यात न्या. जंताचे औषध चुकवू नका. पिलाच्या पोटातले जंत अंगणात खेळणाऱ्या लेकरांनाही होतात. ३ महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचा, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा.

आणि त्याआधीच खेळताना लेकराला दात लागला तर? ‘एवढेसे तर पिल्लू’ म्हणून सोडू नका. त्याला पिसाळलेले कुत्रे चावले होते की नाही, कोणी पाहिलेय? जखमेला चुना नको, तिखट नको. साबण लावून १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा नि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लक्षणे दिसू लागली की बहुधा इलाज उरत नाही. सुगी आहे म्हणून शेवटचे इंजेक्शन राहू देऊ नका.

पहिल्या रात्री पिल्लू कुईकुई करील. जुन्या लुगड्याची घडी घाला, निजेल.